मध्यंतरानंतरची फक्की

सर ग्राउंडवर आले की आधी खेळाडूंकडे बघायचे नाहीत, जमिनीकडे बघायचे. फुटबॉलची मॅच तीनला असली तर रेफ्री म्हणून हे एकला हजर. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत शिट्टी, दोन कार्डं, स्वतःची पाण्याची बाटली आणि सुतळीचा एक गुंडा. त्या सुतळीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. तीन हात, चार हात, पाच हात. गवंडी घराचा पाया आखताना काढतात तसा सर गोलपोस्टजवळ तीन खुंट्या ठोकून सुतळीने काटकोन काढायचे आणि फक्कीने मारलेली पांढरी रेषा त्याच्याशी जुळते का ते, एक डोळा मिटून, पार जमिनीला नाक लावून बघायचे. नाही जुळली की आयोजकांना हाक. "अहो, ही पुसा. पुन्हा मारा."

"सर, गावची मॅच हाय, वर्ल्ड कप नाय," आयोजक म्हणायचे.

"म्हणूनच म्हणतो. वर्ल्ड कपला शंभर माणसं असतात बघायला. इथे मी एकटाच आहे."

मग काय, पुसायला लागायची. माणूस साठीचा, अंगाने काटकुळा, आवाजही बारीक. पण त्यांच्याशी हुज्जत घालून जिंकलेला मनुष्य मी पनवेलात पाहिला नाही. आता ते मुलीकडे कऱ्हाडला असतात. फोन केला तर आधी विचारतात, "अहो, तुमच्याकडे किती वाजले?" कऱ्हाडचं घड्याळ पनवेलपेक्षा वेगळं चालत असल्यासारखं.

सरांची नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात जमिनीला भाव आला तेव्हापासून सख्खे भाऊ हातभर बांधासाठी एकमेकांच्या उरावर बसायला लागले, आणि त्या दोघांच्या मध्ये साखळी धरून सर उभे. तिथेच त्यांनी एक गोष्ट शिकून घेतली होती. एका भावाच्या घरी चहा घेतला की दुसरा म्हणतो, विकला गेला. म्हणून रेफ्री झाल्यावरही मॅच संपेपर्यंत आयोजकांचा चहा नाही, वडापाव नाही, मंडपातली खुर्चीसुद्धा नाही. सगळ्यांना अहो-जाहो. आठवीतल्या पोरालाही "अहो सात नंबर, बुटाची नाडी बांधा." बँकेत कुणी पिवळ्या पट्टीच्या पुढे उभा राहिला तर त्यालाही मागे सरकवायचे. काकू म्हणायच्या, "आमच्याकडे पोळीसुद्धा कंपासपेटी घेऊन लाटावी लागते."

मी त्यांच्या हाताखाली लाइनवर उभी राहायचे. नवीन पनवेलच्या एका शाळेत मी पी.टी. शिकवते, आणि रेफ्रीची परीक्षा पास झालेली आमच्या भागातली मी एकटीच बाई. लोक मला 'लाइनमन मॅडम' म्हणायचे. जन्माची घाबरट मी. मॅचच्या दिवशी सकाळची भाकरी तशीच ताटात राहायची. झेंडा हातात घेऊन दोन हजार लोकांकडे पाठ करून उभं राहायचं, आणि ते दोन हजार लोक आपल्या आईबापाचा उद्धार करतायत, हे काय सुख आहे का? पण सोडवतही नव्हतं.

ऑफसाइड समजायला सोपं आहे. आपला खेळाडू चेंडू पुढे देतो त्या क्षणी, ज्याला द्यायचा तो समोरच्यांच्या शेवटच्या बचाववाल्याच्या पुढे उभा असेल, तर ऑफसाइड. गोल मारला तरी रद्द. अवघड आहे तो 'त्या क्षणी'. एक डोळा चेंडूवर आणि एक रेषेवर ठेवायला देवाने डोळे तसे दिलेलेच नाहीत. म्हणून सरांनी मला सुकापूरच्या रस्त्यावर शिकवलं. स्पीडब्रेकरच्या बरोबर रेषेत मला उभं करायचे, आपण पन्नास पावलं लांब जायचे आणि रिक्षा आल्या की एकदम टाळी वाजवायचे. टाळी वाजली तेव्हा कुठल्या रिक्षाचं पुढचं चाक आधी टेकलं होतं, ते मी सांगायचं. रिक्षावाल्यांना वाटायचं आरटीओची माणसं आहेत. लांबूनच वळून जायचे. मी उत्तर दिलं की सर जवळ येऊन विचारायचे, "दिसलं, का वाटलं?"

"वाटलं," असं मी म्हटलं की ते हात जोडायचे. "वाटण्यावर झेंडा नाही. दिसलं नाही तर हात खाली. गोल झाला तर होऊ दे. लोक मारतील, मार खाऊ."

मार खाऊ! किती सहज म्हणायचे.

आता व्हिडिओचं सांगते. आमच्याकडे टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा आधीपासून मोबाइलवर लाइव्ह दाखवतात, गावोगाव कॅमेरेवाले झालेत. तेच फुटबॉलला आले. मग मॅचनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर माझा झेंडा थांबवून थांबवून बघायचे आणि खाली शेरे मारायचे. मी ते सगळे वाचायचे. वाचू नये हे कळायचं, तरी वाचायचे. सर एकही व्हिडिओ बघत नसत. कुणी दाखवायला आला तर मान फिरवून म्हणायचे, "मोजणी झाली, नकाशावर सही झाली. आता काय?" एकदा एका कॅप्टनने बोटांनी हवेत टीव्हीची चौकट काढली, म्हणजे थर्ड अंपायरकडे जा. सरांनी शांतपणे पिवळं कार्ड काढलं. तो बिचारा म्हणतो, "सर, मी शिवी पण नाय दिली!" सर म्हणाले, "शिवी दिली असती तर कानामागे टाकली असती."

पण तीन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत आयोजक मंडळाने नियमच काढला. क्रिकेटसारखा प्रत्येक कॅप्टनला एक रिव्ह्यू. परांचीवर एक कॅमेरा, मंडपात एक लॅपटॉप. मला वाटलं सर शिट्टी ठेवून घरी जातील. गेले नाहीत. बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तो कॅमेरा रेषेत नाही, तिरका आहे. तिरक्या माणसाने साक्ष द्यायची तर निदान जमिनीवरची रेषा तरी सरळ पाहिजे." आणि फायनलच्या दिवशी एकऐवजी बारालाच येऊन सगळं ग्राउंड मोजलं. दोन रेषा पुसायला लावल्या. शिट्टी झाली तेव्हा ग्राउंड सुतासारखं सरळ होतं, हे मी शपथेवर सांगते.

फायनल होती यजमानांची टीम आणि उरणकडच्या एका कोळीवाड्याची. मध्यंतराला शून्य-शून्य. आणि मध्यंतरात आपल्याकडे जे होतं तेच झालं. सत्कार! पाहुण्यांना मंडपात नको, फोटोत प्रेक्षक आले पाहिजेत, म्हणून सगळी वरात मैदानात. शाल, श्रीफळ, ढोलताशा, नगरसेवक, माजी नगरसेवक, होऊ घातलेले नगरसेवक. हे सगळे उभे राहिले पेनल्टी बॉक्सच्या रेषेवर. ते निघाले तेव्हा अर्धी रेषा चपलांना लागून गेलेली. फक्की मारणारे काका घाईघाईने धावले आणि पुन्हा मारून गेले. डोळ्याच्या अंदाजाने. सर तेव्हा दुसऱ्या टोकाला जाळी फाटली होती ती बांधत होते. मी बघितलं, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवटची चार-पाच मिनिटं राहिली होती. कोळीवाड्याच्या पोराने मधून चेंडू दिला. नेमकं त्याच वेळी माझ्या मागे कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. माझ्या पायापासून चार फुटांवर. मी दचकले, मान वळली. अर्धा सेकंद असेल, तेवढाही नसेल. परत बघते तर त्यांचा दहा नंबर एकटाच चेंडू घेऊन गोलकीपरसमोर, बाकी सगळे मागे. एवढा पुढे कसा गेला? नक्की ऑफसाइड असणार. माझा हात वर गेला. गोल झाला, जाळी हलली, कोळीवाड्याची माणसं आत धावत सुटली, आणि माझा हात तसाच वर.

सरांनी माझ्याकडे बघितलं, शिट्टी वाजवली. ऑफसाइड.

कॅप्टनने रिव्ह्यू घेतला. मंडपात लॅपटॉपभोवती हीऽ गर्दी. चित्र थांबवलं, आणि लॅपटॉपवाल्याने काय केलं असेल? कुणाच्या तरी कंपासपेटीतली फूटपट्टी मागवली आणि स्क्रीनवर बॉक्सच्या पांढऱ्या रेषेला समांतर धरली. बचाववाल्याच्या पायाला पट्टी टेकवली, तर दहा नंबरचा गुडघा पट्टीच्या पुढे. "झेंडा बरोबर!" माइकवरून पुकारलं. टाळ्या, शिट्ट्या, "लाइनमन मॅडम झिंदाबाद"! टायब्रेकरमध्ये यजमान जिंकले. दहा नंबरचा पोरगा मैदानात मांडी घालून बसला होता आणि एकच सांगत होता, "मी मागं व्हतो. आयशप्पत मागं व्हतो." त्याचेच लोक त्याला म्हणत होते, गप रे, व्हिडिओत दिसला ना. आणि मी? सुटले, देवाने वाचवलं, असंच वाटत होतं मला. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सरांचा फोन. "अहो, ग्राउंडवर या."

गेले. मंडप सोडायचं काम चाललं होतं. सर बॉक्सच्या रेषेवर सुतळी ताणून उकिडवे बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मॅचचा व्हिडिओ बघत होते, मोबाइलमध्ये कालचा थांबवलेला फोटो. रात्रभर झोपले नव्हते हे तोंडावरून कळत होतं.

"ही रेषा मध्यंतरानंतरची आहे," ते म्हणाले. "तुमच्या बाजूचं टोक दोन हात मैदानाच्या मध्याकडे सरकलंय. पट्टी या वाकड्या रेषेला समांतर धरली. बचाववाला पलीकडच्या बाजूला, दहा नंबर तुमच्या बाजूला. सरळ रेषा धरली तर तो हातभर मागे होता."



"मी मध्यंतरानंतर मोजलं नाही. चूक माझी," ते म्हणाले. "पण फोटो चेंडू दिल्यानंतर क्षणभर उशिराचाही असू शकतो. त्यामुळे फोटोवर माझा भरवसा नाही, माझ्या गणितावरही नाही. तुम्ही रेषेत होतात. तुम्हाला दिसलं असेल तर विषय संपला, निर्णय बरोबर. नसेल दिसलं, तर मी आजच्या आज लिहून देतो की गोल होता." मग ते उठून उभे राहिले. "दिसलं, का वाटलं?"

पुढच्या महिन्यात राज्याच्या रेफ्री पॅनलसाठी नावं जायची होती. माझं नाव त्यांनीच घातलं होतं. घरी सासूबाईंपासून शाळेच्या हेडबाईंपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. शिवाय कालच्या त्या टाळ्या. एक बाई लाइनवर उभी राहते, तिला काय कळतंय, असं म्हणणाऱ्यांची तोंडं काल पहिल्यांदा बंद झाली होती.

"दिसलं, सर," मी म्हणाले.

सरांनी खाली बसून खुंट्या उपटल्या आणि सुतळी गुंडाळली. "ठीक आहे मग," म्हणाले. येताना स्कूटरवर मागे बसून त्यांनी मला काकूंच्या गुडघेदुखीबद्दल सांगितलं.

माझं नाव पॅनलवर लागलं. त्यानंतरची दोन वर्षं मी कशी काढली, माझं मला माहीत. सर रेफ्रींच्या प्रत्येक वर्गात माझा दाखला द्यायचे. "फोटो काहीही म्हणो, यांना दिसलं होतं." पोरं वळून माझ्याकडे आदराने बघायची आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचे. पनवेलच्या मासळी बाजारात जायचंही मी बंद केलं, कारण त्या दहा नंबरची आई तिथे कोलंबी घेऊन बसायची. एकदा चुकून समोर गेले, तर तिने बरोबर ओळखलं. "ये बाय, झेंडा तूच केलेला ना वर? माजा पोर खोटा नाय बोलत. सगला गाव त्याला पुढारी बोलतंय आता. पुढं गेला म्हणून पुढारी." मी पिशवी उचलून पळाले. त्या दिवसापासून आमच्या घरी मासे नवरा आणतो आणि शिळे आणतो.

सांगावं असं शंभरदा वाटलं. सरांच्या बिल्डिंगखाली स्कूटर लावून दोनदा परत आले. काय सांगणार? त्यांनी तर माझ्या डोळ्यांची शपथच घेतली होती सगळ्यांसमोर.

आणि मग गेल्या वर्षी एका रविवारी संध्याकाळी सरांनी घरी बोलावलं. गेले तर गॅलरीत खुर्चीवर तोच दहा नंबर. फुटबॉल सोडला होता. न्हावा शेव्याला कंटेनर बांधायच्या कामावर लागला होता, आणि आता त्याला रेफ्री व्हायचं होतं! सर खुशीत होते. "अहो, हे माझ्याकडे शिकायला आलेत. मी आता कऱ्हाडला चाललो. लाइनचं काम तुम्ही शिकवा. डोळा तुमचा आहे."

काकूंनी चहा ठेवला. पोराने कप हातात घेतला नाही. माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाला, "मॅडम, शिकायच्या आधी एक विचारू? राग नाय ना येनार? त्या दिवशी तुमाला खरंच मी पुढं दिसलो व्हतो? मना कलत नाय म्हणून विचारतो. मी मागंच व्हतो अशी माजी खात्री हाय. मंग माजाच डोला खोटा असंल तर मी रेफ्री कसा होनार?"

स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास उडालेला तो पोरगा बघितला आणि माझं सगळं अवसान गळालं.

"नाही," मी म्हणाले. "नाही दिसलास. मागे बॉम्ब फुटला, माझी मान वळली. मला फक्त वाटलं."

खालून भाजीवाल्याची हाक आली. मी सरांकडे बघू शकत नव्हते. मला वाटत होतं, आता ते मला 'अहो' म्हणायचं थांबवतील.

सर उठले, आत गेले, कागद आणि पेन घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवले. "लिहा. झालं तसं."

मी लिहिलं. या कागदाचा फोटो उद्या सकाळपर्यंत किती मोबाइलवर जाईल, पॅनलवरचं नाव किती दिवस राहील, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. सही केली आणि पेन खाली ठेवणार, तेवढ्यात सरांनी ते माझ्या हातातून घेतलं. माझ्या सहीखाली त्यांच्या त्या बारीक, नकाशावर लिहावं तशा अक्षरात त्यांनी लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं.

"बॉम्ब फुटला तेव्हा मीही आवाजाकडे पाहिले. सहायकांची मान वळलेली मला दिसली होती. तरीही शिट्टी वाजवली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारले, त्या हो म्हणाल्या, आणि मला तेच ऐकायचे होते. माझ्या हातून एकही गोल चुकीचा रद्द झाला नाही, असे मी लोकांना सांगत असे. गोल होता."

खाली सही. पूर्ण नाव. तारीख.

"सर!" मी म्हणाले. दोन वर्षं मी एकटीच मरत होते असं मला वाटत होतं, आणि हा माणूस सगळं माहीत असून वर्गावर्गात माझ्या डोळ्यांची आरती करत फिरत होता. राग आला मला. खूप राग आला, आणि रडूही आलं.

"तुम्हाला सांभाळलं असं मी स्वतःला सांगत होतो," सर कागदाकडे बघत म्हणाले. "सांभाळत मला होतो."

पोराने कागद घेतला. ओठ हलवत हळूहळू वाचला. एकदा वाचून झाल्यावर परत वरपासून वाचला. मला वाटलं, आता हा ओरडेल, कागद तोंडावर फेकेल. आमची तेवढीच लायकी होती. त्याने कागदाची नीट चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"आयशीला दाखवतो," तो म्हणाला.

जिन्यापर्यंत गेला, आणि तिथेच थांबून खिशावर हात ठेवून परत वळला. "बापूस बोलायचा, मशीन खोटा बोलंल का रं? तू खोटा. कदी मानलाच नाय त्यानं." मग आमच्या दोघांकडे नाही, मधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "गनपतीच्या आधी गेला तो."